आज्ञेत राहिलेली आई: रोझ केनेडी यांच्या १०४ वर्षांचा अभ्यास

रोझ फिट्झजेराल्ड केनेडी २२ जानेवारी १९९५ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या हायॅनिस पोर्टच्या घरी न्यूमोनियाने वारल्या. वय १०४. त्यांना नऊ मुलं झाली आणि त्यांतली चार त्यांच्या हयातीतच गेली: थोरला मुलगा युद्धात, एक मुलगी विमान अपघातात, एक मुलगा अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष असताना गोळी लागून, आणि आणखी एक त्याच पदासाठी प्रचार करत असताना, तोही गोळी लागूनच. बोस्टनच्या नॉर्थ एंड भागातल्या सेंट स्टीफन्स चर्चमध्ये अंत्यविधीची मिस्सा, म्हणजे कॅथलिकांचा मुख्य उपासनाविधी, झाली. धाकटे चिरंजीव सिनेटर एडवर्ड केनेडी तिथे म्हणाले की सगळ्यात दुःखाच्या काळात आईने आम्हाला सावरलं ते देवावरच्या श्रद्धेने, आणि तीच तिची आम्हाला सर्वांत मोठी देणगी.

मुलाने आईबद्दल असंच बोलावं. वसईत, गोव्यात, मुंबईच्या गावठाणांत घरातली म्हातारी गेली की साधारण हेच बोललं जातं: रोजची मिस्सा चुकवली नाही, संध्याकाळी सगळ्यांना बसवून जपमाळ म्हणून घेतली, कितीही संकटं आली तरी देवाला बोल लावला नाही. यात खोटं काहीच नसतं. पण त्या बाईने ही श्रद्धा कुठे कमावली, तिच्यासाठी स्वतः काय सोडलं आणि तिच्यापायी घरात कुणाला काय सोसावं लागलं, हे त्यात येत नाही. बहुतेक घरांत ते शोधायला कागदही नसतात. रोझ यांचे कागद आहेत: आत्मकथन, डायऱ्या, मुलांना लिहिलेली पत्रं, टिपणं. म्हणून हे प्रकरण अभ्यासाला घेतलं.

रोझ यांच्या लेखी श्रद्धा म्हणजे आधी आज्ञापालन. त्याची किंमत त्यांनी सतराव्या वर्षी मोजली, आणि पुढे तीच किंमत पोटच्या पोरीकडून मागितली. त्यांच्या आयुष्यात मला दिसलेला मुख्य धागा हा आहे, आणि पुढचं सगळं लिखाण त्याच धाग्याने जातं.

राहून गेलेलं कॉलेज

जन्म २२ जुलै १८९०, नॉर्थ एंडमध्येच. आयर्लंडहून पोटासाठी बोस्टनला आलेल्यांची ही नातवंडांची पिढी. वडील जॉन फिट्झजेराल्ड, लोक त्यांना ‘हनी फिट्झ’ म्हणत, आधी अमेरिकेच्या संसदेचे म्हणजे काँग्रेसचे सदस्य आणि १९०६ मध्ये बोस्टनचे महापौर. शहरातला पैसा, बँका आणि मानाची कॉलेजं अजून जुन्या प्रोटेस्टंट घराण्यांकडे होती. आयरिश कॅथलिकांकडे मतं होती आणि चर्च होतं.

रोझ थोरली लेक, अभ्यासात हुशार. तिला वेलस्ली कॉलेजात जायचं होतं आणि प्रवेशाचीही तयारी झालेली होती. १९०७ मध्ये विल्यम ओ’कॉनेल बोस्टनचे आर्चबिशप झाले. कॅथलिक महापौराची मुलगी कॅथलिक नसलेल्या कॉलेजात जाणं बरं दिसणार नाही, असा त्यांनी सल्ला दिला, आणि वडिलांनी तो मानला. मतांचं गणितही त्यात असणारच. मुलीला विचारण्याचा प्रश्न नव्हता. तिला आधी बोस्टनमधल्या सेक्रेड हार्ट कॉन्व्हेंटमध्ये आणि १९०८ मध्ये थेट हॉलंडमधल्या व्हाल्स गावच्या ब्लूमेंथाल कॉन्व्हेंटात पाठवण्यात आलं.

ब्लूमेंथालमध्ये दिवस घंटेवर चालायचा. ठरलेल्या वेळी मौन, ठरलेल्या वेळी प्रार्थना, जर्मन, फ्रेंच, संगीत, घर चालवण्याचं शिक्षण. तिथल्या धर्मभगिनींच्या दृष्टीने सगळ्यात मोठा मान म्हणजे ‘चाइल्ड ऑफ मेरी’, मरियामातेची कन्या. हिरमुसून गेलेल्या रोझने तोही मिळवला. तिला मनापासून प्रार्थना करायला तिथेच शिकवलं गेलं, याबद्दल मला शंका नाही. पण या प्रार्थनेची सुरुवात एका नकारातून झाली होती, हे विसरून चालणार नाही. वयाच्या नव्वदीत, मुलगा राष्ट्राध्यक्ष होऊन गेल्यावर, चार मुलं पुरल्यावर, रोझ यांनी एका चरित्रकार बाईंना सांगितलं की आयुष्यातली सगळ्यात मोठी खंत वेलस्लीला जाता आलं नाही ही आहे. एवढं सोसलेल्या बाईने नव्वदीत या गोष्टीचं नाव घ्यावं!

त्या काळाचंही थोडं सांगायला हवं, नाहीतर रोझ यांची रोजची मिस्सा हा केवळ स्वभावाचा भाग वाटेल. सामान्य भाविकांनी वरचेवर, शक्य तर दररोज, कम्युनियन (मिस्सेत ख्रिस्ताचं शरीर म्हणून दिली जाणारी भाकर) घ्यावं असा हुकूम पोप दहावे पायस यांनी डिसेंबर १९०५ मध्ये काढला. त्याआधी अनेक भाविक वर्षातून मोजक्याच वेळा कम्युनियन घेत. १९१० मध्ये त्यांनीच मुलांच्या पहिल्या कम्युनियनचं वय साधारण सात वर्षांवर आणलं. हुकूम निघाला तेव्हा रोझ पंधरा वर्षांची होती. रोज सकाळी चर्चला जाणाऱ्या बायकांची जी पिढी आपल्या सगळ्यांच्या आठवणीत आहे, ती या बदलातून घडली, आणि रोझ तिच्या पहिल्या फळीतल्या.

एका बाबतीत मात्र तिने वडिलांना जुमानलं नाही. जोसेफ केनेडी हा मुलगा त्यांना पसंत नव्हता. रोझने काही वर्षं लपूनछपून भेटीगाठी चालू ठेवल्या आणि अखेर ७ ऑक्टोबर १९१४ ला लग्न झालं. ते लावलं कुणी? एव्हाना कार्डिनल झालेल्या ओ’कॉनेल यांनी, स्वतःच्या खासगी चॅपेलमध्ये. वेलस्लीला नको म्हणणाऱ्याच हातांचा आशीर्वाद तिला हवा होता आणि तो मिळालाही. म्हणजे बंड केलं ते चर्चच्या कुंपणाच्या आत राहूनच.

कार्डांची पेटी

१९१५ ते १९३२ या सतरा वर्षांत नऊ बाळंतपणं. जोसेफ, जॉन, रोझमेरी, कॅथलीन, युनिस, पॅट्रिशिया, रॉबर्ट, जीन, एडवर्ड. नवरा शेअर बाजारात, पुढे सिनेमाच्या धंद्यात, महिनोन्महिने बाहेर, आणि त्याच्या बाहेरख्यालीपणाची चर्चा उघड. चरित्रकार सांगतात की १९२० च्या सुरुवातीला, कॅथलीन पोटात असताना, रोझ काही आठवडे माहेरी येऊन राहिल्या. वडिलांनी परत पाठवलं: लग्न केलंस, आता निभाव. त्या एका रिट्रीटला, म्हणजे एकांतातल्या प्रार्थना-शिबिराला, जाऊन आल्या आणि सासरी परतल्या. पुन्हा आज्ञा आली आणि पुन्हा ती पाळली गेली.

मग घर कसं चालवलं? त्यांनी स्टेशनरीच्या दुकानातून कार्डं आणली आणि प्रत्येक मुलाचं एक कार्ड केलं. जन्मतारीख, बाप्तिस्मा कुठल्या चर्चमध्ये झाला, धर्ममाता-धर्मपिता कोण, वजन, उंची, लस कधी टोचली, दात कधी दाखवले, पहिलं कम्युनियन, दृढीकरण. जॉनच्या कार्डावर डांग्या खोकला, गोवर, कांजिण्या आणि फेब्रुवारी १९२० मधला स्कार्लेट फीवर नोंदलेला आहे. मला या कार्डांबद्दल विशेष वाटतं ते असं की त्यांवर बाप्तिस्मा आणि गोवर शेजारी शेजारी आहेत. आत्मा आणि शरीर यांची वेगळी वही नव्हती. आई म्हणून दोन्हींचा हिशेब त्यांच्याकडे होता.

बाकीही सगळं असंच चाले. जेवण ठरल्या वेळी म्हणजे ठरल्या वेळी. जेवताना बातम्यांवर आणि रविवारच्या प्रवचनावर प्रश्न. बाळांना गाडीत घालून फिरायला नेताना वाटेत चर्चमध्ये शिरायचं, का, तर देऊळ फक्त रविवारचं असतं असं मुलांना वाटू नये. आणि लूकच्या शुभवर्तमानातलं वाक्य घरात कायम: ज्याला पुष्कळ दिलं आहे त्याच्याकडून पुष्कळ मागितलं जाईल. हेच वाक्य जॉनने ९ जानेवारी १९६१ रोजी, राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेण्याआधी, मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळात वापरलं. आईच्या जेवणाच्या टेबलावरून ते तिथे गेलं, असं मानायला मला अडचण वाटत नाही.

या शिस्तीत माया कमी पडली, असं मुलांपैकी काहींना वाटत होतं, आणि आई सतत प्रवासात असल्याचा सल जॉनच्या मनात राहिला, असंही त्याच्याबद्दल लिहिलं गेलं आहे. मला ते पटतं. नऊ मुलांना कार्डं पुरतात, मांडी पुरत नाही.

कॅथलीन

१९३८ मध्ये जोसेफ केनेडी अमेरिकेचे राजदूत म्हणून लंडनला गेले. रोझ यांच्या आयुष्यातला हा सगळ्यात झगमगाटाचा काळ. मार्च १९३९ मध्ये पोप बाराव्या पायसच्या राज्यारोहणाला केनेडी कुटुंब रोममध्ये हजर होतं. हे पोप कार्डिनल असताना, १९३६ मध्ये, न्यूयॉर्कजवळच्या त्यांच्या घरी येऊन गेले होते. पुढे १९५१ मध्ये त्यांनीच रोझ यांना ‘पेपल काउंटेस’ ही पदवी दिली.

लंडनमध्ये अठरा वर्षांची कॅथलीन सगळ्यांची लाडकी झाली. युद्धात ती रेड क्रॉसच्या कामाला परत इंग्लंडला गेली आणि विल्यम कॅव्हेंडिश, डेव्हनशरच्या ड्यूकचा वारस, याच्याशी लग्न करायचं ठरवलं. घराणं कट्टर अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या प्रोटेस्टंट चर्चचं. पेच साधा होता पण सुटणारा नव्हता. १९१७ च्या चर्च कायद्याप्रमाणे कॅथलिक नसलेल्याशी लग्नाला चर्चची सूट लागे, आणि ती मिळायची तर सगळी मुलं कॅथलिक वाढवू असं दोघांनीही वचन द्यावं लागे. ड्यूकच्या वारसाला ते देणं शक्य नव्हतं; त्याच्या घरचा हट्ट नेमका उलटा होता. सूट न घेता लग्न केलं तर चर्चच्या दृष्टीने ते लग्नच नव्हे, आणि कम्युनियन बंद.

६ मे १९४४ रोजी चेल्सीमध्ये त्यांनी रजिस्टर लग्न केलं. केनेडींपैकी एकटा थोरला भाऊ जोसेफ हजर होता. रोझ तेव्हा बोस्टनमध्ये हॉस्पिटलात होत्या. त्यांनी लेकीला तारेने आपलं काळीज फाटल्याचं कळवलं आणि तुला कुणीतरी चुकीच्या वाटेला लावलं असं सुनावलं. वडिलांनी निदान मायेचे शब्द पाठवले. आईला ते जमलं नाही.

पुढचे महिने भयंकर होते. १२ ऑगस्टला थोरला जोसेफ इंग्लंडच्या किनाऱ्यावर स्फोटकांनी भरलेल्या विमानात मारला गेला. सप्टेंबरमध्ये विल्यम बेल्जियमच्या लढाईत गेला. लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते. तो गेल्यामुळे कॅथलीनला आता पुन्हा कम्युनियन घेता येणार होतं. चर्चच्या हिशेबात तिची सुटका झाली ती विधवा झाल्यामुळे, आणि आईला त्यात दिलासा वाटला असेल तर तो त्या काळच्या शिकवणीला धरूनच होता. तरीही हे वाचताना माझा जीव तुटतो.

पुढे कॅथलीन अर्ल फिट्झविल्यम यांच्या प्रेमात पडली. तेही प्रोटेस्टंट, शिवाय विवाहित. रोझ यांनी बजावलं की हे केलंस तर तू आमची नाहीस. १३ मे १९४८ रोजी फ्रान्समध्ये छोटं विमान डोंगरावर आदळून दोघं गेली. कॅथलीन अठ्ठावीस वर्षांची होती. तिला इंग्लंडमध्ये सासरच्या गावी, एडन्सरला पुरलं. आईवडिलांपैकी तिथे फक्त वडील होते. रोझ गेल्या नाहीत.

त्यांच्यावर नुसता कठोरपणाचा शिक्का मारून मोकळं होणं मला मान्य नाही. सतरा वर्षांच्या रोझला सांगितलं गेलं होतं की चर्चचा शब्द आणि तुझी इच्छा यांत चर्चचा शब्द मोठा. तिने ते मानलं, त्यावर आयुष्य उभं केलं. मुलीला तोच नियम लावायचा नाही, तर मग आपण वेलस्ली सोडलं ते कशासाठी? हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला की नाही, याचा पुरावा नाही. त्यांच्या वागण्यामागे तो होता असं मला वाटतं. आणि ज्या कायद्यापायी हे सगळं झालं तो पुढे सौम्य झाला: मार्च १९७० मध्ये पोप सहावे पॉल यांनी मिश्र विवाहाचे नियम बदलले. आता फक्त कॅथलिक जोडीदाराने, मुलांना कॅथलिक वाढवण्यासाठी आपल्याकडून होईल ते करीन, एवढं वचन द्यायचं असतं. दुसऱ्याकडून वचन मागितलं जात नाही. कॅथलीनला जाऊन बावीस वर्षं झाली होती.

रोझमेरी

रोझमेरीची गोष्ट याहून अवघड, कारण इथे नियम तोडणारं कुणी नव्हतंच. तिसरं अपत्य, सप्टेंबर १९१८ चा जन्म, बुद्धीची वाढ भावंडांपेक्षा मंद. रोझ यांनी तिला घराबाहेर ठेवायला बरीच वर्षं नकार दिला, स्वतः शिकवलं, तिच्याशी टेनिस खेळल्या. त्या काळी अशा मुलांना संस्थेत टाकून विसरणं हीच रीत होती. हे श्रेय त्यांचंच आहे.

नोव्हेंबर १९४१ मध्ये, तेविसाव्या वर्षी, तिच्यावर लोबोटॉमी, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागाचे जोड तोडणारी शस्त्रक्रिया, झाली. निर्णय वडिलांचा. रोझ यांना आधी किती माहीत होतं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. शस्त्रक्रियेनंतर तिचं चालणं-बोलणं गेलं. काही वर्षं उपचारांत काढून १९४९ मध्ये तिला विस्कॉन्सिनमधल्या जेफरसन गावी धर्मभगिनींच्या संस्थेत ठेवलं. आई सगळ्या मुलांना मिळून एकच लांबलचक पत्र लिहायच्या, प्रत्येकाची खबर त्यात असे. १९४१ नंतर त्या पत्रांतून रोझमेरीचं नाव दिसेनासं होतं. तिला भेटायलाही त्या सुमारे वीस वर्षं गेल्या नाहीत.

डिसेंबर १९६१ मध्ये जोसेफना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. त्यानंतर रोझ मुलीला भेटू लागल्या. त्यांचं उरलेलं आयुष्य या एका वाक्यावर फिरतं, असं मला वाटतं. आज्ञा देणारे वडील, कार्डिनल, नवरा, कुणीच आता बोलणार नव्हतं. सत्तरी ओलांडलेली बाई पहिल्यांदा स्वतःहून लेकीकडे गेली. पुढे मतिमंदत्वाबद्दल त्या जाहीर सभांमधून बोलू लागल्या, स्वतःच्या घरातलं उदाहरण देऊन. १९६२ मध्ये युनिसने मासिकात लेख लिहून रोझमेरीबद्दल उघड सांगितलं, आणि २० जुलै १९६८ ला, रॉबर्टला पुरून दीड महिनाही झाला नव्हता तेव्हा, शिकागोच्या सोल्जर फील्डवर मतिमंद खेळाडूंसाठीचं पहिलं स्पेशल ऑलिंपिक भरवलं. आईने कार्डांवर मुलांची नोंद ठेवली; युनिसने ज्यांची नोंद कुणीच ठेवत नव्हतं त्यांना मैदानात आणलं.

दोन गोळ्यांनंतर

जॉन आणि रॉबर्टच्या मृत्यूंबद्दल इतकं लिहिलं गेलंय की इथे थोडक्यात. २२ नोव्हेंबर १९६३ ला बातमी हायॅनिस पोर्टला आली. आजारी नवऱ्याला त्या दिवशी काही सांगायचं नाही असं ठरलं. रोझ समुद्रकिनाऱ्यावर चालत राहिल्या, सकाळी मिस्साला गेल्या. ६ जून १९६८ ला रॉबर्ट गेला तेव्हाही आधी चर्च. हे दिखाव्याचं धैर्य होतं असं म्हणणारे भेटतात. मला नाही वाटत. साठ वर्षं रोज ठरल्या वेळी केलेली गोष्ट दुःखाच्या दिवशी अंगच उचलून करतं. मन नंतर मागून येतं. ब्लूमेंथालच्या घंटेचा उपयोग या दोन सकाळी झाला. १९८४ मध्ये मोठा झटका येऊन त्या चाकाच्या खुर्चीला खिळल्या, तेव्हा फादर घरी येऊन मिस्सा करू लागले.

आठवण कुणी, कशी ठेवली

आपल्या स्मरणाची व्यवस्था रोझ यांनी स्वतःच केली. ब्रुकलाइनमधल्या बील्स स्ट्रीटवरचं ८३ क्रमांकाचं घर, जिथे संसार सुरू झाला, ते कुटुंबाने परत विकत घेतलं. रोझ यांनी ते १९१७ मध्ये, जॉनच्या जन्माच्या वेळी होतं तसं सजवलं आणि राष्ट्रीय उद्यान सेवेच्या स्वाधीन केलं. पाहायला येणाऱ्यांसाठी स्वतःच्या आवाजात माहितीही ध्वनिमुद्रित करून दिली. याच घरात १९१८ मध्ये रोझमेरी आणि १९२० मध्ये कॅथलीन जन्मली. घर १९१७ ला थांबवल्यामुळे या दोघी तिथे अजून आलेल्याच नाहीत. हे ठरवून झालं असं मी म्हणणार नाही. राष्ट्राध्यक्षाचं जन्मघर म्हटल्यावर तेच वर्ष निवडलं जाणार. पण परिणाम तोच.

१९७४ चं आत्मकथन, ‘टाइम्स टु रिमेंबर’, रोझमेरीच्या शस्त्रक्रियेचा उल्लेख करतं, जपून करतं. कॅथलीनच्या शेवटच्या प्रवासाबद्दल मात्र मोघम आहे. अर्ल फिट्झविल्यम त्यात जवळपास नाहीत. त्र्याऐंशी वर्षांच्या आईने तेवढं झाकलं तर मी तिला दोष देत नाही. सर्वांसमोर लिहिताना लेकीची अब्रू राखणं हाही मायेचाच प्रकार असू शकतो.

पण कार्डं ठेवणाऱ्या बाईने कागद मात्र टाकले नाहीत. डायऱ्या, पत्रांच्या नकला, सटरफटर टिपणं, सगळं आज बोस्टनच्या केनेडी ग्रंथालयात आहे. त्यात १९४४ च्या मे महिन्यातल्या नोंदीही आहेत: कॅथलीनला यातून सोडवायचं कसं यावर नवराबायकोचं झालेलं बोलणं, घराण्याच्या इभ्रतीची काळजी, स्वतःची घालमेल. त्यांच्यावरचे सगळ्यात कठोर आरोप आज याच नोंदींच्या आधारे होतात. त्या फाडून टाकायला रोझ यांच्याकडे पन्नास वर्षं होती.